पन्नाशीनंतरची बाई कुठल्या रजिस्टरमध्ये असते?

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण त्यात ना गड आहे ना लढाई. आज बोलायचंय ते पाळी कायमची बंद झाल्यावर बाईच्या शरीरात काय होतं, याबद्दल. त्यातही घरात ज्या गोष्टींचं कुणी नाव काढत नाही, त्यांच्याबद्दल: योनी, लघवीची जागा, नवरा-बायकोचा संबंध. शब्द सरळच वापरणार आहोत. 'तिथे', 'खाली', 'ते' असं म्हणत राहिलो, तर निम्मा भाग कुणाला कळणारच नाही. बसमध्ये असाल तर हेडफोन लावा. घरी असाल आणि आई आसपास असेल, तर स्पीकरवर लावलं तरी हरकत नाही.

प्रश्न साधा आहे. पाळी गेल्यानंतर बाई पुढे पंचवीस-तीस वर्षं जगते. या वर्षांत तिला होणारी जळजळ, कोरडेपणा, सारखी लघवी, संबंधाच्या वेळचं दुखणं यामागचं कारण विज्ञानाला शंभर वर्षांपूर्वी सापडलं होतं. मग ते आपल्या आईपर्यंत का पोचलं नाही?

आंजीत सुरुवात मोजली गेली

वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागलं की आंजी (मोठी) हे गाव येतं. कापूस, तूर, सोयाबीनचा पट्टा. बाहेरच्या माणसाला या गावाचं नाव फारसं माहीत नसतं, पण सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक आहे. कारण सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र इथे आहे. ही संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू केली. डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींनी खेड्यात जाऊन शिकायचं, ही तिथली पहिल्यापासूनची रीत.

या संस्थेच्या डॉक्टरांनी आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या २३ गावांत किशोरवयीन मुलींसोबत पाळीच्या स्वच्छतेवर काम केलं. त्याचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काम सुरू करताना शंभरातल्या ३५ मुलींनाच पाळी येण्याआधी पाळीबद्दल माहिती होती. बाकीच्यांना थेट रक्त दिसल्यावरच कळलं. तीन वर्षांनी हे प्रमाण ५५ वर गेलं. तयार पॅड वापरणाऱ्या मुली शंभरात ५ होत्या, त्या २५ झाल्या. तेच कापड धुऊन पुन्हा वापरणाऱ्या ८५ होत्या, त्या ५७ वर आल्या.

आकडे ऐकून लगेच टाळ्या वाजवण्याइतके मोठे नाहीत. पण यातून एक गोष्ट दिसते. गावात जाऊन कुणी नीट विचारलं, पुन्हा पुन्हा बोललं, तर तीन वर्षांत फरक पडतो. पाळीच्या सुरुवातीबद्दल बोलायला गावात जागा झाली. शाळेत, अंगणवाडीत, मुलींच्या बैठकीत.

आता त्याच मुलींच्या आयांचा विचार करा. त्यांची पाळी संपत आलेली असते. त्यांच्या बैठकीत काय बोललं जातं?

"सुटले एकदाची"

आपल्याकडे पाळी जाण्याकडे बघायची एक खास नजर आहे. 'विटाळ' ज्या घरात पाळतात, तिथे पाळी गेली की बाई मोकळी होते. चार दिवस बाजूला बसणं नाही. पापड-लोणच्याला हात लावायला कुणी अडवत नाही. देवळात जायला, पंढरीच्या वारीला निघायला तारखा मोजाव्या लागत नाहीत. म्हणून बायका म्हणतात, "सुटले एकदाची." या सुटकेत खरा आनंद आहे, तो खोटा ठरवायचं कारण नाही.

अडचण वेगळीच आहे. घाम फुटणं, छातीत धडधडणं, अंगातून वाफा निघणं हे त्रास पाळी जाताना येतात. म्हणून त्यांचा संबंध पाळीशी लावणं सोपं जातं. योनीचा कोरडेपणा आणि लघवीची जळजळ मात्र बऱ्याच जणींना नंतर, कधी दोन-चार वर्षांनी, जाणवायला लागते. तोवर 'पाळी' हा विषय घरातून संपलेला असतो. मग जळजळ झाली तर 'उष्णता झाली'. लघवी थांबेना तर 'वय झालं'. संबंधात दुखलं तर काहीच नाही, कारण त्याला नावच नाही.

आणि याच वयात घरात सून येते, नातवंड होतं. मग म्हातारा-म्हातारीनं वेगवेगळ्या खोल्यांत झोपायचं, असा न लिहिलेला नियम लागतो. आजीनं नवऱ्याजवळ झोपणं ही थट्टेची नाहीतर लाजेची गोष्ट होते. कुणी उपवासांचा आडोसा घेते, कुणी नातवाला कुशीत घेऊन झोपते. तिला खरंच नको होतं की दुखत होतं म्हणून नको होतं, हे तिला स्वतःलाही वेगळं काढता येत नाही. विचारणारं कुणी नसतं.

उंदरांवरचा प्रयोग, १९२३

पाळी केव्हा जाते हे जुन्यांना नीट माहीत होतं. सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षाच्या सुमाराला सुरू होते आणि पन्नाशीला संपते असं सांगितलेलं आहे. १८२१ मध्ये गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं 'मेनोपॉज' हा शब्द चालवला. पण पाळी गेल्यावर शरीरात नेमकं काय कमी होतं, हे कुणाला माहीत नव्हतं.

ते कळलं १९२३ मध्ये. अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी या दोघांनी डुकरिणींच्या बीजांडकोशातला द्रव काढला. ज्या उंदीरमाद्यांचे बीजांडकोश आधीच काढून टाकले होते, त्यांना तो टोचला. मग परिणाम झाला की नाही हे बघायचं कसं? त्यांनी बघितल्या त्या मादीच्या योनीतल्या पेशी. द्रव टोचल्यावर योनीचं सुकलेलं अस्तर पुन्हा जाड झालं, पेशींचे थर वाढले. या द्रवात जे होतं, त्याला आज आपण इस्ट्रोजेन म्हणतो.

इथे जरा थांबू. इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, सापडलं तेच मुळी योनीच्या अस्तरावर त्याचा परिणाम बघून. पुढची अनेक वर्षं इस्ट्रोजेन मोजण्याची पद्धतही हीच होती. म्हणजे 'इस्ट्रोजेन गेलं की योनी कोरडी आणि पातळ होते' ही काही कालपरवाची बातमी नाही. १९२३ पासून प्रयोगशाळेत रोज दिसणारी गोष्ट आहे.

बाईच्या शरीरात हे घडतं कसं, ते सोपं करून बघू. इस्ट्रोजेन असेपर्यंत योनीचं अस्तर जाड, ओलं आणि ताणलं जाणारं असतं. त्याच्या वरच्या पेशींत एक प्रकारची साखर साठलेली असते. त्या साखरेवर काही चांगले जिवाणू जगतात. हे जिवाणू म्हणजे दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंचे भाऊबंद. ते आंबट आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे वाईट जंतू तिथे टिकत नाहीत. पाळी गेली, इस्ट्रोजेन कमी झालं, की अस्तर पातळ होतं, साखर संपते, विरजण मरतं, आंबटपणा जातो. मग खाज, जळजळ, वेगळा स्राव, संबंधात दुखणं, कधी थोडं रक्तही. लघवीची नळी आणि मूत्राशयाचं तोंड यांनाही इस्ट्रोजेन लागतंच. म्हणून सारखी लघवीला जाणं, दाबून न धरता येणं, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होणं.

(आणि हो, विरजणाची उपमा दिली म्हणून कुणी तिथे दही लावू नका. उपमा उपमेच्या जागी.)

एक फरक लक्षात ठेवा. अंगातून निघणाऱ्या वाफा बहुतेक जणींच्या काही वर्षांत आपोआप कमी होतात. योनीचा कोरडेपणा आपोआप जात नाही. उपचार केला नाही तर तो टिकतो, बऱ्याचदा वाढतो. "सहन कर, जाईल" हा सल्ला इथे चालत नाही.

त्याच दशकात, मुंबईत

तिकडे उंदरांवर प्रयोग चालले होते, त्याच दशकात आपल्याकडे एक माणूस मराठीत या विषयांवर लिहायला बसला होता. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. जुलै १९२७ मध्ये त्यांनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक संबंध, सगळ्यांवर मोकळं लिखाण. वाचक आपल्या अडचणी पत्रानं विचारत आणि कर्वे मासिकातून उत्तरं देत.

या उत्तरांचीच शिक्षा झाली. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं अश्लील ठरवून त्यांच्यावर खटला झाला. त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर प्रश्न विचारणं आणि त्याचं शास्त्रीय उत्तर देणं यात अश्लील काही नाही, अशी त्यांची भूमिका. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला.

या खटल्याचा आजच्या विषयाशी थेट संबंध आहे. मराठीत हे प्रश्न विचारले जात होते, उत्तर देणाराही होता. ती देवाणघेवाण कोर्टात गुन्हा ठरली. आज मोबाइलवर तुम्ही हे विनाअडथळा ऐकताय, त्याच्यामागे असली माणसं आहेत.

'पात्र जोडपं' आणि बाकीच्या

देश स्वतंत्र झाला. १९५२ मध्ये भारतानं सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. नर्सबाई घराघरांत जायला लागल्या. त्यांच्या हातात एक रजिस्टर असायचं आणि आजही असतं: 'पात्र जोडपी'. बायकोचं वय १५ ते ४९ असेल, तर जोडपं पात्र. मुलं किती, ऑपरेशन झालं का, तांबी बसवली का, सगळं लिहायचं.

बाई पन्नासची झाली की तिचं नाव त्या रजिस्टरमधून जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचंही तेच. देशातल्या बायकांच्या आरोग्याचे जे आकडे आपण बातम्यांत वाचतो, त्यांतले बहुतेक या पाहणीतून येतात. १९९२-९३ मध्ये ती सुरू झाली. तिच्यात बायकांना प्रश्न विचारतात ते ४९ वर्षांपर्यंत. यात कुणाचा दुष्टपणा नाही. माता मरत होत्या, बाळं मरत होती, तिकडे आधी धावणं भाग होतं. पण परिणाम असा झाला की व्यवस्थेला बाई दिसायची ती गर्भाशयापुरती. गर्भाशयाचं काम संपलं की तीही दिसेनाशी.

वसा आणि अमिर्झा

या नजरेला पहिला मोठा धक्का बसला तो वर्ध्यापासून फार लांब नाही, गडचिरोलीत. डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ आणि डॉ. अभय बंग फिजिशियन. दोघांनी आधी वर्धा जिल्ह्याच्या खेड्यांत काम केलं होतं. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून १९८४ मध्ये परतले आणि गडचिरोलीला जाऊन 'सर्च' ही संस्था उभी केली.

वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी तेरा वर्षांपुढच्या मुली-बायकांची तपासणी केली. त्रास आहे म्हणून दवाखान्यात आलेल्या बायका तपासायच्या, अशी ही पद्धत नव्हती. गावातच जायचं, त्रास असो वा नसो. वयाला वरची मर्यादा नव्हती, पाळी गेलेल्या बायकाही त्यात होत्या. ६५० बायका तपासल्या. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर एका बाईला साडेतीनहून जास्त आजार. आणि त्याआधी तपासणी आणि उपचार किती जणींना मिळाले होते? फक्त ८ टक्के.

आणखी एक आकडा मुद्दाम सांगण्यासारखा आहे. यातल्या ५५ टक्के बायकांनी तक्रार सांगितली. म्हणजे बऱ्याच जणींना आजार होता आणि त्यांची तक्रारच नव्हती. जे लहानपणापासून बघितलं, आईला, मावशीला, शेजारणीला होतं, ते 'बाईच्या जातीला असायचंच' असं वाटणार. त्याची तक्रार कशाला करायची?

भाषेचाही प्रश्न होता. पुस्तकात 'श्वेतप्रदर'. बाई म्हणते, "अंगावरून पांढरं जातं." पुस्तकात 'गर्भाशय भ्रंश'. बाई म्हणते, "अंग बाहेर येतं." डॉक्टरला हे शब्द कळायला हवेत आणि ते उच्चारायला बाईला बाईमाणूस समोर हवं. तेव्हा पांढरं जाण्याला बायका अशक्तपणाशी जोडत. डॉक्टर म्हणायचा, काही नाही, टॉनिक घे. ती घरी यायची, त्रास तसाच.

या अभ्यासाचा आवाज दूर गेला. स्त्रीचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि नसबंदी नव्हे, हा विचार १९९४ च्या कैरो परिषदेत जगानं मान्य केला. त्यामागे जे पुरावे होते, त्यांत गडचिरोलीचा हा अभ्यास ठळक होता. भारतात १९९६ मध्ये कुटुंबनियोजनाची वरून लादलेली उद्दिष्टं रद्द झाली. १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम आला. तरी रजिस्टरचं वय ४९ ला थांबलं ते थांबलंच. ४५ वर्षांपुढच्या माणसांची मोठी राष्ट्रीय पाहणी व्हायला २०१७-१८ उजाडलं.

एक गोळी, एक भीती

तिकडे श्रीमंत देशांत उलटी गोष्ट घडत होती. १९४२ मध्ये अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी बाजारात आली. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरनं पुस्तक लिहून सांगितलं की पाळी जाणं हा आजार आहे आणि गोळी घेतली की बाई कायम तरुण राहते. लाखो बायकांनी गोळी घेतली. इथे बाईची अडचण कुणाला दिसली, पण 'ती नवऱ्याला कशी दिसेल' या चष्म्यातून.

जुलै २००२ मध्ये एक मोठा अमेरिकी अभ्यास मध्येच थांबवावा लागला. १६ हजारांहून जास्त बायकांवरचा हा अभ्यास. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र असलेली तोंडानं घ्यायची गोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या थोड्या वाढलेल्या दिसल्या. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हा बारकावा बातम्यांत हरवला. जगभर भीती पसरली. आणि या भीतीत एक साधी गोष्टही बदनाम झाली: योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं मलम. या मलमातून रक्तात जाणारं इस्ट्रोजेन अगदी थोडं असतं. तरी डबीवर इशारा तोच छापला गेला, गोळीचाच.

या मलमाचा उपयोग किती? १९९३ मध्ये छापून आलेला एक प्रयोग ऐका. पाळी गेलेल्या आणि लघवीचा संसर्ग वारंवार होणाऱ्या बायकांचे दोन गट केले. एका गटाला इस्ट्रोजेनचं मलम, दुसऱ्याला नुसतं साधं मलम. साध्या मलमाच्या गटात एका बाईला वर्षाला सरासरी जवळजवळ सहा वेळा संसर्ग झाला. इस्ट्रोजेनच्या गटात सरासरी अर्धा, म्हणजे दोन वर्षांत एकदा. आणि आपल्याकडे अशा बाईला दरवेळी नवीन अँटिबायोटिक लिहून मिळतं.

आजाराचं नावही बघा कसं बदललं. आधी डॉक्टरी पुस्तकात त्याला 'म्हातारपणाचा योनीदाह' अशा अर्थाचं नाव होतं. मग 'सुकलेली, झडलेली योनी' अशा अर्थाचं. ही नावं कुठली बाई स्वतःबद्दल उच्चारेल? २०१४ मध्ये दोन वैद्यकीय संघटनांनी ती बदलली. आता त्याला पाळी गेल्यानंतरचा जनन-मूत्रमार्गाचा लक्षणसमूह म्हणतात. लांबलचक आहे, पण त्यात अपमान नाही, आणि लघवीचा त्रासही त्यात धरला आहे.

पिशवी काढून टाका

विचारलं नाही, ऐकलं नाही, तर काय होतं त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण मराठवाड्यात आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायका. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड. फडावर ना संडास ना पाणी. पांढरं जाणं, पोटात दुखणं घेऊन डॉक्टरकडे गेल्या तर उत्तर मिळायचं, "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायका होत्या.

आता मघाचं इस्ट्रोजेन आठवा. पिशवीसोबत बीजांडकोशही काढले, तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद. निसर्ग जे काम काही वर्षांत हळूहळू करतो, ते पस्तिशीच्या बाईच्या शरीरात एका ऑपरेशननं होतं. हाडं ठिसूळ होणं, वाफा, योनीचा कोरडेपणा, सगळं दहा-पंधरा वर्षं आधी. बीजांडकोश ठेवले तरी ते लवकर थकण्याची शक्यता वाढते. पांढरं जाण्यावर गोळ्यांनी इलाज झाला असता अशा कितीतरी जणी यात असणार. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भपिशवी शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असा आदेश राज्यांना दिला.

मग आपण काय करायचं?

इतिहास ऐकून झाला. आता तुमच्या कामाचं.

सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं धरतात. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं. म्हणजे तुम्ही विशीत असाल, तर तुमची आई कदाचित आत्ताच यातून जातेय.

कोरडेपणा, जळजळ, संबंधात दुखणं यावर उपाय आहेत. योनीच्या आत साबण, डेटॉल, सुगंधी वॉश काहीही वापरायचं नाही. नुसतं साधं पाणी, तेही बाहेरून. ओलावा टिकवणारी मलमं आणि संबंधाच्या वेळी वापरायची पाण्यासारखी जेल औषधाच्या दुकानात मिळतात. तेवढ्यानं भागलं नाही, तर डॉक्टर इस्ट्रोजेनचं मलम लिहून देतात. ते स्वतःच्या मनानं आणायचं नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर डॉक्टरला ते आधी सांगायचं. खोकताना-शिंकताना लघवी होत असेल, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम असतात, ते शिकून घेता येतात. अंग बाहेर येत असेल, तर दरवेळी ऑपरेशनच लागतं असं नाही. आत बसवायची रिंगही असते.

आणि एक गोष्ट कधीच अंगावर काढायची नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक डाग जरी, तर डॉक्टरला दाखवायचं. बहुतेक वेळा कारण साधं असतं. पण गर्भपिशवीच्या कर्करोगाची पहिली खूण हीच असू शकते आणि लवकर सापडला तर तो बरा होतो. "पाळी परत आली वाटतं" असं कुणी म्हणालं, तर तिला त्याच आठवड्यात घेऊन जा.

आईशी बोलायचं कसं, असा प्रश्न पडला असेल. "तुला मेनोपॉजचा त्रास होतो का?" असं विचारलंत तर ती "काही नाही गं" म्हणून उठून जाईल. त्याऐवजी "रात्री लघवीला किती वेळा उठतेस?" इथून सुरुवात करा. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि पुढचं दार तिथूनच उघडतं. मुलगे असाल तर तिच्यासोबत दवाखान्यापर्यंत जा, केसपेपर काढा, बाहेर बाकावर बसा. आत तिला डॉक्टरशी एकटीला बोलू द्या.

गावात आशाताई असतील तर त्यांनाही विचारा. त्यांच्या रजिस्टरमध्ये पन्नाशीच्या बायकांसाठी रकाना नसला, तरी कुठल्या घरात कोण काय सोसतंय हे त्यांना नक्की माहीत असतं.

आंजीच्या २३ गावांत तीन वर्षं बोलल्यानंतर, पाळी येण्याआधीच तिच्याबद्दल जाणणाऱ्या मुली शंभरात ३५ च्या ५५ झाल्या. त्या मुली आज तिशीच्या पुढे आहेत. अजून दहा-पंधरा वर्षांनी त्यांची पाळी जाईल. तेव्हा तरी त्यांना "वय झालं" हे उत्तर मिळू नये.

हा भाग कुणाला पाठवायचा असेल तर पाठवा. मावशीला पाठवायची लाज वाटत असेल, तर 'लघवीच्या त्रासावर आहे' म्हणून पाठवा, तेही खोटं नाही. आज एवढंच. भेटू पुढच्या भागात!